माय आली का?

कपडा शिवून झाला की शेजारच्या काकू तो आधी स्वतःच अंगात चढवायच्या आणि दोन्ही हात वर करायच्या. "हात वर केल्याबिगर कपड्याची खोड कळत न्हाई," म्हणायच्या. निजामाच्या काळातली शेरवानी घालून, हात आभाळाकडं करून भर गल्लीत उभी राहिलेली बाई तुम्ही पाहिली नसेल. आम्ही आमच्या गावी, कुरुंद्यात, दर वर्षी पाहायचो.

मी शाळेत गॅदरिंगची नाटकं बसवायची, काकू त्यांचे जुन्या काळचे कपडे शिवायच्या. पहिला अंगरखा स्टेजवरच बगलेत टरकला. सगळं गाव हसलं, काकूही हसल्या. मग तो फाटका अंगरखा घरी नेऊन खिळ्याला टांगला. येता-जाता त्याच्याकडं बघायच्या. "कुठं ओढून राहिला ते बघू द्या की मॅडम."

घरात त्या आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. आईची आठवण हळूहळू गेली. पोटच्या लेकीला ती "बाई, तुमी कोण?" विचारायची आणि दिवसभर उंबऱ्यात बसून स्वतःच्या आईची वाट बघायची. जेवण तोंडाला लावू द्यायची नाही.

एकदा नाटकातली चोळी दोरीवर वाळत होती. म्हातारी उठली, चोळीला हात लावला आणि म्हणाली, "माय आली का?"

त्या दिवसापासून काकूंनी आजीची, म्हणजे आईच्या आईची, चोळी शिवायला घेतली. आजीला त्यांनी पाहिलं नव्हतं. फोटोही नव्हता. पहिली चोळी घालून त्या आईपुढं बसल्या, तर आईनं बाही ओढली. "ही न्हाई. माझ्या मायचं कोपर दिसायचं. गोंदलेलं." दुसरीला हुक होते. म्हातारीची बोटं छातीशी चाचपडली. "गाठ कुठंय? गाठ सोडून पाजायची मला." तिसरीवर ती चिडलीच. "बगलेत तांबडा तुकडा व्हता. कापड पुरलं न्हवतं!"

काकू माझ्याकडं धावत आल्या. घाबरल्या होत्या आणि आनंदल्याही होत्या. "मॅडम, चोळी चुकली की माय बोलून राहिली. बराबर शिवली तर गप बसंल का वं?"



चौथी चोळी त्यांनी नेसूच्या लुगड्यावर घातली तेव्हा मी तिथंच होते. कोपराच्या वरच थांबलेली बाही, पुढं गाठ, बगलेत तांबडा तुकडा. म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं काकूंचा हात धरला.

"आलीस? मला त्या घरात काहून ठिवून गेलीस माय? मी लई रडले."

लहानपणीच सासरी धाडलेली पोर होती ती. हे काकूंना तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता उठून जातील. पण त्यांनी भाकर दुधात कुस्करली.

"न्यायला आले ना आता."

"कधी निघायचं?"

"जेवून घे. मंग निघू."

म्हातारी जेवली. पुढं रोज तसंच. काकू चोळी घालायच्या, म्हातारी निघायचं विचारायची, चार घास खायची. काकू मात्र वाळत चालल्या. "रोज खोटं बोलून राहिले," म्हणायच्या. "अन् तिला माय भेटली, मॅडम. मला माझी भेटंना."

हळद शिजवायच्या दिवसांत म्हातारी गेली. नंतर काकूंनी घराला कुलूप लावलं आणि हट्टा गावी बहिणीकडं जायला निघाल्या. आता आमच्या नाटकाचे कपडे नांदेडहून भाड्यानं येतात.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले होते. एसटीला वेळ होता. काकू एकदम म्हणाल्या, "ती गेली तवा मी मशीनवर व्हते. अंगात रोजचाच झंपर. तिनं हाक मारली, 'माय'."

आमच्याकडं आईला माय म्हणतात, आणि लाडानं लेकीलाही.

"कुणाला मारली असंल?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. "मी 'व्हय' म्हणले. कुणाला बी मारली असंल, मी 'व्हय' म्हणले."

गाडी लागली. पिशवी पोटाशी धरून त्या चढल्या आणि पलीकडच्या खिडकीला जाऊन बसल्या. इकडून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती.