कार्डावरचे चौदाशे

सूप मांडीवर आलं की बाईला उठता येत नाही. त्यात तंबाखू, कापलेली पानं, दोरा, कात्री असा सगळा पसारा असतो, आणि जरा हललं तरी तंबाखू सांडते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या दोन खोल्यांत अम्मा आणि मी सकाळी सातला समोरासमोर विड्या वळायला बसायचो, ते पाय बधिर होईपर्यंत. तेराव्या वर्षी मी बसले. मॅट्रिक झाले, बाहेरून परीक्षा देत बी. कॉम. झाले, तरी सूप काही मांडीवरून उतरलं नाही. आतल्या खोलीच्या दारातून समोरच्या घराची भिंत दिसायची आणि भिंतीला टेकून विड्या वळणारी आणखी एक बाई. कधीकधी मला किंचाळावंसं वाटायचं. पण तेवढ्यानंही तंबाखू सांडली असती, म्हणून गप्प बसायचे.

अम्माचा हात दिवसाला आठशेचा, माझा सहाशेचा. कारखान्यातलं कार्ड मात्र एकट्या अम्माच्या नावाचं होतं आणि त्यावर रोज चौदाशे विड्या लिहिल्या जायच्या. आमच्या गल्लीत घरोघरी हेच होतं, कार्डावर एक नाव आणि मागे दोन-तीन लेकी. विड्या तपासून घेणाऱ्या चेकरलाही ते ठाऊक होतं. तो विचारायचा नाही आणि कुणी सांगायचं नाही.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं, तेव्हा बँकेतल्या कारकुनांच्या परीक्षेची जाहिरात आली. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, त्यामुळे अम्माचं बोलणं इथं मराठीत देते. ती म्हणाली, "एकदा बस परीक्षेला. नाही जमलं तर परत नाव काढायचं नाही." धाकटी बहीण तेव्हा नववीत होती. तिला अम्मा सुपाला हात लावू द्यायची नाही. "एक लेक सुपाला दिली, तेवढी बस झाली," असं ती माझ्यादेखत म्हणायची. मला राग यायचा, पण खोटं काय होतं त्यात?

मी पुस्तक तंबाखूच्या डब्याला टेकवून ठेवायचे. त्यात तक्त्यांवरचे प्रश्न असायचे. पाच वर्षांचं उत्पादन, चार दुकानांची विक्री, कुठं वाढ जास्त, कुठं घट. लिहायला हात मोकळे नसल्यामुळे सगळं डोक्यातच करावं लागे. एक विडी वळून तिचं तोंड मुडपेपर्यंत एक बेरीज. संध्याकाळी धाकटी पानं उलटून द्यायची, आणि ही शहाणी माझ्या आधी उत्तर सांगून मोकळी व्हायची.

रविवारी एका निवृत्त मास्तरांकडे शिकवणी असायची. एकदा त्यांनी फळ्यावर तक्ता काढला. ए, बी, सी, डी असे चार कामगार आणि प्रत्येकाचा आठवड्याचा माल. सर्वांत कार्यक्षम कोण? सीचा आकडा इतरांच्या जवळजवळ दुप्पट होता. मी म्हणाले, "सांगता येणार नाही, सर. माहिती अपुरी आहे."

"का?"

"सीच्या घरात लेकी असतील."

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "या तक्त्यात तुला लेकी दिसतायत का? जेवढं छापलंय तेवढंच धरायचं. घरचं इथं आणलंस तर घरीच राहशील."

परीक्षेत तसाच तक्ता आला. माणसं वेगळी, आकडे वेगळे, पण एकीचा आकडा असाच भरमसाट. पाचवा पर्याय होता 'माहिती अपुरी'. माझी पेन्सिल त्याच्यावर क्षणभर थांबली. मग मी त्या जास्तवालीचं अक्षर काळं केलं आणि पुढचा प्रश्न घेतला. आतून लाज वाटली, पण बाहेर पडायचं होतं मला.

निवड झाली. नेमणूक मराठवाड्यातल्या एका गावी मिळाली. मी गेले आणि कार्डावरचा आकडा आठशेवर आला. अम्मानं नंतर सांगितलं, चेकरनं विचारलं होतं, "काय ओ मावशी, बरं न्हाय का? माल लई कमी झालाय की."

अम्मा म्हणाली, "व्हय ओ, कंबर धरलीया."

दुसरं काय सांगणार? माल असाच कमी येत राहिला असता तर कारखान्यातून पानंही कमी मिळाली असती, मग कार्डच काढून घेतलं असतं, आणि एकदा गेलेलं कार्ड परत मिळत नसे. मी अम्माला पत्रातून कळवलं की कार्ड गेलं तर जाऊ दे, मी आहे. तिनं धाकटीकडून उत्तर लिहून घेतलं. "तुझी नोकरी अजून कच्ची आहे, कार्ड पक्कं आहे." अक्षर नेहमीसारखं सुबक होतं. त्यावरून मला काहीच कळलं नाही.

दिवाळीला घरी आले. अम्मा पाणी भरायला गेली होती. कोनाड्यात कार्ड होतं, सवयीनं हातात घेतलं. मी होते तोवर चौदाशे. मग दीड महिना आठशे. मग हजार, अकराशे, तेराशे, आणि गेले काही आठवडे पुन्हा चौदाशे. परीक्षेत विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं, बाई आजारी पडली आणि हळूहळू बरी झाली.

आतल्या खोलीत धाकटी माझ्या जागेवर बसली होती, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. तिची शाळा सुटून तीन महिने झाले होते. मला बघून ती हसली आणि म्हणाली, "अक्का, ये ना, बस." पण ती स्वतः उठली नाही. तिच्या मांडीवर सूप होतं.