कळंबहून साजगावला, तळ्याचं पाणी तपासायला

सकाळी तळ्यावर गेले तर मासे वर येऊन तोंडं उघडत होते. काही कटले मरून तरंगत होते. पाणी दिसायला रोजच्यासारखंच. सासू म्हणाली, "पाणी बाधलंय. तपासून आण गं, नायतर सगळे जातील." नवरा ड्यूटीवर. मग मीच निघाले, तान्ही लेक कडेवर, तळ्याच्या पाण्याची बाटली पिशवीत.

कळंबहून कर्जतला टेंपोनं गेलो. बाळ असेल तर पुढची सीट मागा, मागं धूळ लय. स्टँडवर वडापाव खाल्ला, तिखट होता. तिथून खोपोलीची गाडी. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "बाटलीत काय गं?"

"तळ्याचं पाणी. तपासायला."

"मासे आजारी नि गाडीत बसलंय पाणी!"

मला हसू आलं नाय.

साजगावच्या अलीकडं माशांच्या खाद्याचं दुकान हाय. तिथं पाणी तपासून देतात. दुकानदारानं नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग पिवळाच राह्यला.

"ताई, पाणी चांगलं हाय. मग मासे कशानं मरतायत? बाटलीत भरलं कसं?"

"उकळून, गार करून, फडक्यानं गाळून."

"उकळलं?"

"लेकीच्या पाण्याच्या पिशवीतच ठेवायचं होतं. चुकून तिच्या तोंडात गेलं तर?"

खाद्य घ्यायला आलेला एक जण म्हणाला, "आता मासे पण उकळूनच आणा वहिनी, हळद-मीठ लावून!"

दुकानदारानं सांगितलं, माशांची घाण नि उरलेलं खाद्य कुजून पाण्यात अमोनिया होतो. उकळलं की तो उडतो, मग मोजायला काय राहतं? नवं पाणी घेऊन परत यायला वेळ नव्हता. त्यानं थेंबांची पेटी नि रंगाचं कार्ड विकत दिलं, वापरायचं कसं ते दाखवलं. म्हणाला, "आधी घरी फोन करा, खाद्य बंद."

सासू फोनवर म्हणाली, "उपाशी मरतील की!" पण टाकलं नाय.

घरी येऊन तळ्यातलं पाणी तसंच नळीत घेतलं. ते गडद हिरवं झालं, कार्डावरच्या शेवटच्या, सगळ्यात जास्त अमोनियाच्या घरासारखं. तळ्याचं खालचं पाणी सोडून दिलं, ताजं भरायला बोअर चालू केली. दुसऱ्या दिवशी अजून थोडे मेले. बाकीचे तोंडं उघडायचे थांबले, खाली पोहायला गेले.

आता पाणी मीच मोजते, न उकळता. त्या बाटलीला लाल दोरा बांधलाय, ती उंच खुंटीला असते. आणि भरताना लेक सासूजवळ देते.