चादरीखालचा श्वास

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. बाबांना जाऊन बावीस दिवस झाले होते आणि माय रडली नव्हती. एक थेंब नाही. नाचणगावात आमच्याकडे बायका दुपारी बसायला यायच्या, तिच्या गळ्यात पडून स्वतःच रडून घ्यायच्या आणि चहा पिऊन जायच्या. माय त्यांच्यापुढं बशी सरकवायची. मला त्या बायांचा असा राग यायचा की काय सांगू.

आत्या, बाबांची थोरली बहीण, तेरवी झाल्यावरही आमच्याकडेच थांबली होती. तिनं मला एकदा विहिरीजवळ गाठलं. "हिले रडव कसंही करून. माही नणंद अशीच नाई रडली अन् मंग डोक्यावर परिणाम झाला तिच्या. शेवटपर्यंत बांधून ठेवा लागे." तेव्हापासून मी मायवर नजर ठेवून राहिले. माय धड जेवत नव्हती, झोपत नव्हती. आपल्याच तळहाताकडे पाहत बसायची.

वर्ध्याच्या कॉलेजात मैत्रिणी एका सिनेमाबद्दल बोलत होत्या. त्यात नवरा मरतो आणि सगळं थिएटर रडतं म्हणे. मी ठरवलं. पण महिना झाला नाही आणि बाई सिनेमाला? गावानं तोंडात शेण घातलं असतं. आत्याला सांगितलं, "डॉक्टरले दाखवून आणतो." पुलगावहून गाडीनं वर्ध्याला गेलो. थिएटरसमोर आल्यावर मायला कळलं. ती पदर डोक्यावरून पुढं ओढून मुकाट्यानं आत आली. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तीनचा खेळ. दिवे जाईपर्यंत मी मान खाली घालून बसले होते. गावातल्या कोणी पाहिलं तर मेलेच मी.

पडद्यावरचा नवरा खोकायला लागला तसे रुमाल निघाले. मी पडद्याकडे कमी, मायकडेच जास्त पाहत होते. कोरडीच. शेवटी तो मेला. पांढरी चादर घातली, बायको छाती पिटून रडायला लागली. मागं कोणी हमसत होतं. मीही रडले. आणि मायनं माझं मनगट इतकं करकचून धरलं की बांगडी फुटली.

"त्याचं पोट हालून राह्यलं," ती म्हणाली.

"अवं, नट हाय तो. खोटं खोटं मरते."

"समजते मले. पन कोनालेच दिसून नाई राह्यलं. तिलेबी नाई, बाजूले बसून." तिचा आवाज चढला. पुढच्या रांगेतली बाई वळून पाहू लागली. "तुह्या बाबाच्या पोटावर माहाच हात होता. सगळ्यायनं मलेच इचारलं. मीच म्हनलं, गेले. मंग उचललं त्यायनं. मी नीट पाह्यलं नसन तं?"

बावीस दिवस ती हे उरावर घेऊन बसली होती आणि आम्ही तिला रडवायला निघालो होतो. मला माझीच लाज वाटली.

"मी पाह्यलं होतं, माय," मी म्हणाले. "तुह्यानंतर मी हात ठेवला होता. लय वेळ. काहीच नव्हतं."

"थंडे होते?"

"हो. थंडे."

"शपथ घे माही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती रडली. पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. खेळ संपला, दिवे लागले, झाडूवाला आमच्या रांगेपर्यंत आला, तरी रडतच होती.

घरी आत्यानं तिचे सुजलेले डोळे पाहिले आणि म्हणाली, "डॉक्टर चांगला दिसते." त्या संध्याकाळी माय दोन भाकरी जेवली.

आजही सिनेमात कोणी मेलं की मी आधी त्याचं पोट पाहते. बाबा गेले त्या दुपारी सगळे एकेक करून त्यांच्या पाया पडले, तेव्हा मी दारातूनच हात जोडले होते. मला भीती वाटत होती. मी त्यांना हात लावलाच नव्हता.