चरकाची घुंगरं
उसाच्या रसाचा वास आला, की बिबवेवाडीतलं आमचं मागचं अंगण आठवतं. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती गळ्यात मारल्यावर वडिलांनी तिथं वर्षानुवर्षं गंजत पडलेला उसाचा चरक घासूनपुसून, ग्रीस भरून रसवंतीसाठी उभा केला. पूजेसाठी म्हणून आईनं त्यांना हट्टानं नवा, लांब बाह्यांचा शर्ट घालायला लावला. मोटार सुरू झाली, चरकाची घुंगरं वाजू लागली, पहिला ऊस आत गेला आणि घुंगरं एकदम थांबली. "चांगला चालला होता की! बंद कशाला केलास?" वडील खेकसले. बटणावर हात ठेवून उभ्या असलेल्या आईनं नुसतं बोट दाखवलं. बाहीचं टोक उसाबरोबर चरकात ओढलं गेलं होतं, बोटं जेमतेम बाहेर होती. "शर्ट गेला," ते हळूच म्हणाले. आजही कुठे घुंगरं मध्येच थांबली, की मी आधी रसवाल्याच्या बाह्या बघतो.