कोब्यावरचं शेण

गावकर चिखलाच्या वहाणांनी आमच्या ओटीवर चढले. कोबा अजून ओला होता. लाल कोबा, बापानं घोटलेला. जन्मभर गोव्यात दुसऱ्यांच्या बंगल्यांचे कोबे घोटले, तेव्हा कुठे हा एक स्वतःच्या घराला. गावकर भिंतीपर्यंत चालत गेले, परत आले. मग म्हणाले, "थाट कोणाक दाखयतस रे?"

बाप त्यांच्याहून वयानं मोठा. हात जोडून हसला. ते देवळाचे पहिले मानकरी, आम्ही त्यांची कुळं. ते गेल्यावर वहाणांचे ठसे पुसायलाही तो धजला नाही.

मी नववीत होते. थाट शब्द मला ठाऊक होता. गावकरांच्या गणपतीचं मखर बघून अख्खी वाडी म्हणायची, काय थाट आसा! नवी नवरी नटली की बायका मायेनं तेच म्हणायच्या. आमच्या जमिनीला रंग चढला, तर तोच शब्द गुन्हा झाला.

मग जत्रा आली. गुरवानं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गुरव गावाचं भलं मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. गावकर त्याच्या कानाशी वाकले. गुरवाचा आवाज बदलला.

"लायकी सोडून जो कोण थाट दाखयता, तेची मान खाली कर रे म्हाराजा."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळे आमच्याकडेच बघत होते.

"होय म्हाराजा," गाव म्हणालं. त्यात माझ्या बापाचा आवाज होता. डोळे मिटून, हात जोडून, सवयीनं. आणि माझाही. आग लागो त्या सवयीला!

घरी येऊन बापानं शेण कालवलं आणि कोबा सारवून टाकला. आईनं तोंडात पदर कोंबला. त्यानंतर घर नुसतं वाईटाची वाट बघायला लागलं. गाय आटली, देवानं ऐकलं. आईला ताप आला, देवानं ऐकलं. तिन्हीसांजेला कुत्रं रडलं की बाप उठून पुन्हा शेण कालवायचा. शेजारीण यायची बंद झाली.

पुढच्या जत्रेला तेच गाऱ्हाणं, तेच शब्द. मी पायऱ्यांखाली बापाशेजारी उभी होते. गाव 'होय' म्हणणार त्याआधीच मी मोठ्यानं म्हणाले, "नाय म्हाराजा."

कोणी हललं नाही. गावकर माझ्याकडे बघत राहिले. ती नजर अजून अंगावर येते. बापानं माझा दंड घट्ट धरला. मग गावानं 'होय' म्हटलंच. पण माझ्या शेजारून आवाज आला नाही. मी कान देऊन ऐकत होते.

घरी येऊन मी कोयत्यानं शेण खरवडलं. खाली ठसे तसेच होते, दगड झालेले. बाप म्हणाला, फोडून नवीन घालूया. मी नको म्हटलं.

ते ठसे मी बुजवणार नाही. त्यांच्यावर पाय देऊनच मी रोज बाहेर पडते. पुन्हा कोणी येऊन विचारू दे, थाट कोणाक दाखयतस. तुमकाच दाखयतंय. आणि वहाणा खाली काढा.