ब्रांटच्या शेतातला उंचवटा

आयोवा राज्याच्या नव्याण्णव जिल्ह्यांपैकी अठ्ठ्याण्णवांच्या माथ्यावर व्हर्लिन हूकस्ट्रा उभा राहून आला, त्याला एकवीस वर्षं लागली. आणि नव्याण्णवावा माथा घरापासून अकरा मैलांवर असून मेला हाती लागेना! माथा कसला, मक्याच्या शेतातला उंचवटा. आमच्याकडच्या चढणीला गायसुद्धा धापा टाकत नाही. पण मोजणीच्या नकाशावर जिल्ह्यात सगळ्यात उंच ठरलेल्या जागी स्वतःच्या पायांनी उभं राहायचं, हे या छंदिष्टांचं वेड. मका निघाल्यावर आणि नवा पेरायच्या आधी, तेवढ्याच दिवसांत जाता येतं. काही जण गुपचूप कुंपण ओलांडतात. व्हर्लिन मात्र दारावर जाऊन विचारायचा. जन्मभर पंच होता ना, नियम अंगात मुरलेला.

या शेताचा मालक डेल्मर ब्रांट. तीन हिवाळे व्हर्लिन त्याच्या दारात गेला आणि तीनदा हात हलवत परत आला.

कारण काय, तर कुस्ती. छत्तीस वर्षांपूर्वी डेल्मरचा पोरगा कर्टिस राज्य स्पर्धेच्या उंबरठ्यावर होता. गुण बरोबरीत, अकरा सेकंद उरलेले, आणि पंच व्हर्लिनने मूठ वर केली. पोरगं अंग चोरतंय, भिडत नाही! ताकीद आधीच देऊन झाली होती, त्यामुळे दंडाचा गुण समोरच्याला गेला आणि कर्टिस घरी बसला. आमच्या गावात लोक स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतील, पण ती मूठ नाही. किराणा दुकानात, चर्चमध्ये, केस कापताना, व्हर्लिनला टोमणे ऐकावेच लागले. तो एकच सांगायचा, "मी पाहिलं ते दाखवलं."

यंदा मार्चमध्ये कळलं, डेल्मर त्या उंचवट्यावर डुकरांची शेड बांधतोय. सोमवारी बुलडोझर येणार आणि माती सपाट होणार. मग माथाच नाही, तर उभं कुठे राहायचं? शनिवारी सकाळी चौऱ्याहत्तर वर्षांचा व्हर्लिन बायकोला, आर्लिसला, गाडीत घालून निघाला.

एक्क्याऐंशीचा डेल्मर ओसरीच्या पायरीवरच उभा होता.

"परत आलास? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"पाच मिनिटं, डेल्मर. सोमवारनंतर काही मागणार नाही."

"एक वाक्य बोल. 'मी चुकलो होतो.' मग तिथे तंबू ठोकून राहा!"

"चुकलो असतो तर त्याच दिवशी बोललो असतो."

"मग चालायला लाग."

व्हर्लिन पाय आपटत गाडीपाशी आला. संताप नुसता उकळत होता. एक वाक्य, आणि तेही खोटं! आर्लिसने काच खाली केली. "एका ढेकळासाठी खोटं बोलायचं? मुळीच नाही. बस गाडीत."

तेवढ्यात यंत्रांच्या शेडमधून कर्टिसने खुणावलं. आता त्रेपन्नाचा, डोक्याला टक्कल पडलेलं. व्हर्लिन गेला. कर्टिस हात पुसत राहिला, वर बघेना.

"मी अंगच चोरत होतो."

"काय?"

"दम संपला होता, भीती वाटत होती. वाटलं, अकरा सेकंद कसेतरी काढावेत. घरी आल्यावर बाबा म्हणाले, पंचानं तुझं वाटोळं केलं. मी हो म्हणालो. सतरा वर्षांचा होतो हो. मग सांगायचं राहूनच गेलं."

"छत्तीस वर्षं राहून गेलं? गाढवा, मी गावाच्या शिव्या खाल्ल्या!"

"माहीत आहे. पण आता त्यांना सांगितलं तर ते कोसळतील. तेवढं वाक्य बोलून टाका. आणि हे कुणाला कळू देऊ नका. घरीसुद्धा नको."

व्हर्लिनला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. इतक्या वर्षांनी साक्षीदार मिळाला, तर तो म्हणतो तोंड शिवून घ्या! समोर हातभर उंचीची ती टेकडी, टेकडी म्हणायलाही लाज वाटावी अशी, आणि हा केस गेलेला बाप्या शाळकरी पोरासारखा मान खाली घालून उभा. आपण कुणासाठी परत फिरलो, पोरासाठी की टेकडीसाठी, हे व्हर्लिनला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

तो पायरीपाशी आला. "डेल्मर, मी चुकलो होतो."

म्हातारा मटकन खाली बसला. मग ओरडला, "कर्टिस! ऐकलंस का रे? तू अंग चोरत नव्हतास!"

"हो, बाबा," कर्टिस म्हणाला.

गाडीची काच उघडीच होती.

उंचवट्यापर्यंत चौघंही गेले. कापलेल्या मक्याची खुंटं बुटांना अडत होती, वाऱ्यावर शेणखताचा वास होता. बापलेक वीस पावलांवर थांबले. म्हाताऱ्याने लेकाच्या खांद्यावर हात टाकला होता. व्हर्लिन नेमक्या बिंदूवर जाऊन उभा राहिला. नव्याण्णव! आनंद व्हायला हवा होता, पण जीव नुसता जळत होता. ओरडून सांगावं, मी बरोबर होतो, आणि सांगायचं कुणाला?

दर माथ्यावर फोटो आर्लिस काढायची. आज तिने फोन वर केलाच नाही.

"चुकला होतास तू?"

व्हर्लिनने बुटाने एक ढेकूळ फोडलं.

"सख्खी बहीण माझी, लोईस. जेवणाच्या टेबलावर म्हणाली, तुझ्या नवऱ्याचं चुकलंच. मी ताटावरून उठले. पुन्हा तिचा उंबरठा चढले नाही, व्हर्लिन. ती गेली तेव्हासुद्धा नाही."

व्हर्लिनने तोंड उघडलं. वीस पावलांवरून कर्टिस त्याच्याकडेच बघत होता.

"वारा फार आहे," व्हर्लिन म्हणाला. "फोटो काढ आणि चल."

आर्लिसने फोन त्याच्या हातात दिला आणि खुंटं तुडवत एकटीच गाडीकडे निघाली.