सेव्ह करायचं राहिलं असेल

बायकोला हे माहीत नाही. आईला सांगितलं असतं तर तिला काही कळलं नसतं, आणि ज्यांना कळलं असतं त्यांच्यापुढे बोलायची माझी छाती झाली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय — हासुद्धा भित्रेपणाच, नाही का?

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मी नेटवर्क स्विचचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला आतून चालवणारा प्रोग्राम, लिहायचो. स्विच म्हणजे कारखान्यातले कॉम्प्युटर, कॅमेरे, मशिनं सगळी वायरीने जिथे येऊन मिळतात ती पेटी; वायर खोचायची तिची भोकं म्हणजे पोर्ट. पेटी एकच, पण आत न दिसणाऱ्या भिंती घालता येतात — ऑफिस इकडे, मशिनं तिकडे, कुणी कुणाच्या घरात डोकवायचं नाही. या भिंतींना व्हीलॅन म्हणतात. कोऱ्या पेटीत भिंती नसतात, सगळे एकाच खोलीत. ते डिफॉल्ट. भिंती घालायच्या, सेटिंग सेव्ह करायचं, आणि पेटी पुन्हा सुरू झाली की ड्रायव्हरने ते वाचून भिंती उभ्या करायच्या. एवढंच माझं काम होतं.

वैशाली शेजारच्या टेबलावर बसायची. उल्हासनगर कॅम्प चारची, घरातली पहिली इंजिनिअर, भांडखोर, माझ्या डब्यातली भाजी न विचारता उचलणारी. गिऱ्हाइकाकडे जाऊन या भिंती घालायचं काम तिचं. तिने मला बजावलं होतं, "सेटिंग वाचता आलं नाही ना, तर सगळे पोर्ट बंद ठेव. लोक बोंबलू देत. पण डिफॉल्टवर सोडू नकोस रे." मी हो म्हटलं, आणि डिफॉल्टवरच सोडलं. का? पेटी बंद दिसली की गिऱ्हाईक फोन करतं आणि साहेब माझ्यावर ओरडतात. उघडी पेटी निदान चालतेय असं तरी दिसतं.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आणखी आहे — एकदा पंख्यासाठी प्लग हवा होता म्हणून मी टेबलावरच्या पेटीची वायर उपटली. जेवून आल्यावर परत लावली, तर भिंती गायब. थंड पडलेल्या पेटीची मेमरी जागी व्हायच्या आत माझा ड्रायव्हर वाचायला धावायचा, काही सापडलं नाही की डिफॉल्ट घ्यायचा, आणि वर तेच सेव्ह करून ठेवायचा. आधीचं सगळं साफ. मला दिसलं, आणि का झालं तेही कळलं. पण माल दुसऱ्या दिवशी निघायचा होता. करंट घालवून बघितलंस ना, असं वैशालीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, बघितलं, ओके आहे.

आमच्या पेट्या एरवी यूपीएसवर, त्या थंड पडायच्याच नाहीत. पण आपल्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी काम आटपलं की मेन स्विच पाडून लोक घरी जातात, आणि यूपीएसची बॅटरी काही शनिवारपर्यंत पुरत नाही. हे मला सुचलं नाही म्हणू? जन्म इथेच गेलाय माझा!

बदलापूरच्या एका रेझिनच्या कारखान्यात वैशालीने गुरुवारी भिंती घातल्या. शनिवारी सकाळी मेन स्विच वर केला आणि ऑफिस, मशिनं सगळी एका खोलीत आली. ऑफिसचा प्रिंटर आणि मिक्सरचा कंट्रोल यांचा नेटवर्कमधला पत्ता नेमका एकच निघाला. मिक्सर अर्ध्यात थांबला, आख्खी टाकी आतल्या आत थिजून दगड झाली.

साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "ड्रायव्हरमध्ये काही आहे का?"

"नाही सर," मी म्हटलं. "सेव्ह करायचं राहिलं असेल."

किती चपखल खोटं! सेव्ह करायचं राहिलं तरी नेमकं असंच होतं, आणि तिचा पुरावा तर माझ्याच ड्रायव्हरने पुसलेला. "केलं होतं सर," वैशाली म्हणाली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाच्या काचेकडे बघत राहिलो. वर मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो — "जाऊ द्या सर, माणसाकडून होतं." मला माझी किळस येते ती त्या खोट्यापेक्षाही या वाक्यामुळे.

तिला काढलं. पुढच्या व्हर्जनमध्ये मी गुपचूप चूक सुधारली आणि 'किरकोळ सुधारणा' असं लिहून मोकळा झालो. मग मला टीम लीड केलं. पेढेही वाटले मी.

मध्यंतरी ती अंबरनाथ पश्चिमेला भाजीच्या गाडीपाशी भेटली. एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात बिलिंग बघते आता. परत या लाइनमध्ये का नाही आलीस, असं मीच विचारलं. बघा, काय निर्लज्जपणा!

"नको रे बाबा," ती म्हणाली. "माझ्याच हातून राहिलं असणार. आधी वाटायचं, केलंय. मग कशाचीच खात्री वाटेना. आता घराला कुलूप लावलं तरी जिन्यावरून परत जाते बघायला." मेथीची जुडी पिशवीत टाकत पुढे म्हणाली, "पण तू तेव्हा माझी बाजू घेतलीस हां. मी नाही विसरले."

मी म्हटलं, "चल, येतो."

तिने सेव्ह केलं होतं. साहेबांच्या केबिनमध्ये मला ते माहीत होतं. भाजीच्या गाडीपाशीही माहीत होतं.